सार्वजनिक आरोग्याच्या वर्गात विद्यार्थी येणार कोठून?

रोग बरा करणारा डॉक्टर समाजाला दिसतो. रोग होऊच नये म्हणून आकडे मांडणारा, पाण्याचे नमुने तपासणारा आणि लसीकरणातून सुटलेल्या वस्त्या शोधणारा तज्ज्ञ मात्र सहसा कोणाच्या नजरेत भरत नाही. सार्वजनिक आरोग्याचे पदव्युत्तर शिक्षण आपल्याकडे दीर्घकाळ उपेक्षित राहिले, याचे मूळ या अदृश्यतेत आहे. वैद्यकीय प्रवेशासाठी जिवाचे रान करणाऱ्या घरांत ‘एमडी’, ‘एमएस’ या पदव्या तोंडपाठ असतात. ‘एमपीएच’, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातील पदव्युत्तर पदवी, हे नाव मात्र अनेकांच्या कानावरूनही गेलेले नसते. २०२० च्या करोना साथीने ‘साथरोगतज्ज्ञ’ हा शब्द घरोघर पोहोचवला. त्यामुळे या शिक्षणाविषयी कुतूहल वाढले. परंतु कुतूहल वाढणे आणि योग्य विद्यार्थी योग्य वर्गात येऊन बसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जाहिरातीने जागा भरता येतात, कार्यकर्ते मिळवता येत नाहीत. हा फरक समजून घ्यायचा असेल, तर अहमदनगर, म्हणजे २०२४ मध्ये नामांतर झालेल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेडचा अनुभव अभ्यासण्यासारखा आहे.

एक रुग्ण आणि एक समाज

वैद्यकशास्त्र आणि सार्वजनिक आरोग्य यांतील भेद एका उदाहरणाने स्पष्ट होईल. जिल्ह्याच्या पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतून आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी बाहेर पडतात. पोटदुखीची किंवा अंगावरून पांढरे जाण्याची तक्रार घेऊन एखादी ऊसतोड कामगार महिला दवाखान्यात येते, तेव्हा डॉक्टरसमोर एक रुग्ण असतो. तिच्यासारख्या किती जणी आहेत, त्यांतल्या किती जणींचे गर्भाशय काढले गेले, कोणत्या वयात काढले गेले आणि ऊसतोडीला न जाणाऱ्या महिलांमध्ये हे प्रमाण किती आहे, हे प्रश्न त्या तपासणीच्या खोलीत उपस्थितच होत नाहीत. ते विचारणे हे सार्वजनिक आरोग्याचे काम आहे.

बीड जिल्ह्यात हा प्रश्न ऐरणीवर आल्यानंतर २०१९ मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळी ८२ हजारांहून अधिक महिलांची पाहणी झाली आणि त्यांपैकी १३ हजारांहून अधिक महिलांची गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया झाल्याचे पुढे आले. एकेका केसपेपरवर जे कधीही दिसले नसते, ते मोजणीने दिसले. त्याच्या मुळाशी गेल्यावर केवळ जंतू किंवा गाठी सापडत नाहीत. मुकादमाकडून घेतलेली उचल, नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणून मोजणारी मजुरीची पद्धत, एक दिवस चुकला तर कापला जाणारा खाडा, फडावर नसलेले शौचालय आणि न्हाणीघर, डोक्यावरच्या मोळीचा भार आणि नफ्यासाठी घाईने केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रिया असे अनेक धागे तेथे एकमेकांत गुंतलेले असतात.

सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात हेच धागे सोडवायला शिकवतात. रोग कोणाला, कोठे, केव्हा आणि का होतो हे सांगणारे साथरोगशास्त्र. आकड्यांतून निष्कर्ष काढणारी जीवसांख्यिकी. पाणी, हवा, अन्न आणि कामाची जागा यांचा विचार करणारे पर्यावरणीय आरोग्य. माणसांच्या सवयी व समाजरचना यांचा अभ्यास. आणि आरोग्ययंत्रणेचे धोरण, अर्थकारण व व्यवस्थापन हे या शिक्षणाचे पाच खांब मानले जातात. यांपैकी एकाही विषयासाठी शस्त्रक्रियेचे कौशल्य लागत नाही. म्हणूनच जगभर या वर्गांत डॉक्टरांच्या बरोबरीने परिचारिका, संख्याशास्त्रज्ञ, समाजकार्याचे पदवीधर, अर्थशास्त्रज्ञ आणि अभियंते बसलेले असतात.

जामखेडने दिलेला धडा

डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दाम्पत्य वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये शिकले आणि १९६० च्या दशकात अहमदनगर जिल्ह्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात त्यांनी काही वर्षे काम केले. रुग्णालयात बरी होऊन गेलेली मुले त्याच आजाराने पुन्हा पुन्हा परत येत होती. आजाराचे कारण रुग्णालयाच्या भिंतीबाहेर आहे, हे त्यांच्या लक्षात आले. पुढील शिक्षणासाठी अमेरिकेत गेल्यावर त्यांनी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे पदव्युत्तर शिक्षण घेतले. तेथे त्यांना डॉ. कार्ल टेलर यांचे मार्गदर्शन लाभले. भारतात जन्मलेल्या आणि पंजाबातील नारंगवाल येथे ग्रामीण आरोग्याचे प्रयोग करणाऱ्या या गुरूच्या हाताखाली आरोळे दाम्पत्याने आपल्या भावी प्रकल्पाचा आराखडा विद्यार्थी असतानाच तयार केला. १९७० मध्ये ते जामखेडला परतले आणि समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू झाला.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. हे दोघे सार्वजनिक आरोग्याच्या वर्गात गेले ते पदवीच्या शोधात नव्हे, तर प्रश्नाच्या शोधात. कोणत्या प्रश्नासाठी शिकायचे हे वडाळ्यातच ठरलेले होते. विद्यापीठाने त्या प्रश्नाला हत्यारे पुरवली. गडचिरोलीत काम उभे करणाऱ्या डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांचा क्रमही असाच होता. दोघांनीही आधी ग्रामीण भागात काम केले, त्यानंतर १९८४ मध्ये जॉन्स हॉपकिन्समधून सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतली आणि मग गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था रुजवली. गावातील प्रशिक्षित महिलेने घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेतल्यास नवजात मृत्यूंचे प्रमाण साठ टक्क्यांहून अधिक घटू शकते, हा त्यांचा निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि पुढे देशातील ‘आशा’ कार्यकर्त्यांच्या कामाचा तो भाग बनला.

जामखेडचा दुसरा धडा माणसे निवडण्याविषयी आहे. प्रारंभी तेथे प्रशिक्षित परिचारिकांना गावात पाठवून पाहिले गेले. त्यांना गावात राहणे जड गेले आणि गावालाही त्या परक्या वाटल्या. तेव्हा गावानेच आपल्यातील एक स्त्री निवडावी आणि तिला आरोग्याचे शिक्षण द्यावे, असा मार्ग निघाला. निवडल्या गेलेल्यांपैकी बहुतेक जणी निरक्षर होत्या. अनेक जणी दलित समाजातील होत्या. वेगवेगळ्या जातींच्या या स्त्रिया नियमितपणे जामखेडला येत, एकत्र राहत, एकत्र जेवत आणि एकत्र शिकत. बाळंतपण, अतिसार, क्षयरोग, कुष्ठरोग, कुपोषण हे त्यांचे विषय होते. त्यांच्या जोडीला शेतकरी मंडळे आणि महिला मंडळे उभी राहिली, पिण्याच्या पाण्यासाठी कूपनलिका घेतल्या गेल्या. १९७१ मध्ये या भागात दर हजार जिवंत जन्मांमागे सुमारे १७६ बालके वर्षाच्या आत दगावत होती. १९९० च्या दशकात प्रकल्पाच्या गावांत हे प्रमाण तिशीच्या खाली आले.

जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये लोकसहभागाच्या आरोग्यप्रयोगांवर प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात जामखेडवर स्वतंत्र प्रकरण होते. १९७८ च्या आल्मा आटा परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा काढला, त्याच्या आधीच्या मंथनात अशा प्रयोगांचा वाटा होता. १९७९ मध्ये आरोळे दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९९२ मध्ये जामखेडला प्रशिक्षण संस्था सुरू झाली. डॉ. मेबल आरोळे १९९९ मध्ये आणि डॉ. रजनीकांत आरोळे २०११ मध्ये निवर्तले. तथापि देशोदेशींचे विद्यार्थी सार्वजनिक आरोग्य शिकायला जामखेडला येत राहिले. परदेशी विद्यापीठांचे विद्यार्थी हजारो मैलांवरून ज्या तालुक्यात शिकायला येतात, त्या तालुक्यातल्या पदवीधराला हे शास्त्र शिकता येते याची कल्पना नसावी, हा विरोधाभास विचार करायला लावणारा आहे.

शिक्षणाच्या वाटा

भारतात या शिक्षणाची परंपरा जुनी आहे. कोलकात्याची अखिल भारतीय आरोग्य व सार्वजनिक स्वास्थ्य संस्था १९३२ मध्ये स्थापन झाली. १९४६ च्या भोर समितीने सामाजिक दृष्टी असलेला डॉक्टर घडवण्याचा आग्रह धरला आणि त्यातून वैद्यकीय महाविद्यालयांत प्रतिबंधात्मक व सामाजिक वैद्यक हा विभाग रुजला. मात्र हे शिक्षण दीर्घकाळ डॉक्टरांपुरतेच राहिले. तिरुवनंतपुरमच्या अच्युत मेनन केंद्राने १९९७ मध्ये सार्वजनिक आरोग्याचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला आणि पुढे अन्य शाखांच्या पदवीधरांनाही या क्षेत्राची दारे उघडत गेली. २००६ मध्ये पब्लिक हेल्थ फाउंडेशन ऑफ इंडियाची स्थापना झाली. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेने २००८ मध्ये आपला अभ्यासक्रम सुरू केला. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत सामाजिक साथरोगशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेता येते.

विद्यार्थ्यांच्या मनातील पहिला गोंधळ येथेच दूर करायला हवा. ‘एमडी’ ही पदवी केवळ एमबीबीएस झालेल्यांसाठी असून तिच्यासाठी राष्ट्रीय प्रवेश परीक्षेतून जावे लागते. सामुदायिक वैद्यक ही तिची एक शाखा. ‘एमपीएच’ हा सर्वसाधारणपणे दोन वर्षांचा अभ्यासक्रम असून अनेक संस्थांत तो आरोग्य, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रांच्या पदवीधरांना खुला असतो. प्रत्येक संस्थेची पात्रता, शुल्क आणि प्रवेशपद्धती वेगळी असल्याने त्या वर्षीची माहितीपुस्तिका पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये. रुग्णालय व्यवस्थापनाची पदवी ही तिसरीच गोष्ट आहे. तिचा भर रुग्णालयाचा कारभार चालवण्यावर असतो, गावाच्या आरोग्यावर नव्हे.

विद्यार्थी का येत नाहीत?

सामुदायिक वैद्यकाकडे डॉक्टर ओढीने येत नाहीत, हे उघड गुपित आहे. क्ष-किरणशास्त्र, त्वचारोग, मेडिसीन या शाखा आधी भरतात. अचिकित्सालयीन शाखांच्या जागा शेवटपर्यंत उरतात. २०२३ मध्ये तर पदव्युत्तर प्रवेशाची पात्रता शून्य पर्सेंटाइलपर्यंत खाली आणण्याची वेळ आली. नाइलाजाने मिळालेल्या शाखेत मन रमवणे कठीण असते आणि अशा विद्यार्थ्याकडून गावात राहून काम करण्याची अपेक्षा ठेवणे त्याहून कठीण.

डॉक्टर नसलेल्या पदवीधरांच्या अडचणी निराळ्या आहेत. पहिली अडचण माहितीची. महाविद्यालयांतील करिअर मार्गदर्शनात स्पर्धा परीक्षा, बँका, संगणक यांची चर्चा होते. सार्वजनिक आरोग्याचे नावही निघत नाही. दुसरी अडचण भाषेची. ग्रंथ, व्याख्याने आणि प्रवेश परीक्षा इंग्रजीत असल्यामुळे मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी आधीच कच खातो. तिसरी अडचण शुल्काची आणि चौथी, सर्वांत मोठी, पदांची. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ मध्ये सुरू झाल्यापासून कार्यक्रम व्यवस्थापक, साथरोगतज्ज्ञ, संनियंत्रण व मूल्यमापन अधिकारी अशी पदे निर्माण झाली. परंतु त्यांतील बहुतेक कंत्राटी स्वरूपाची राहिली. कर्ज काढून दोन वर्षे शिकायचे आणि अकरा-अकरा महिन्यांच्या नेमणुकीवर आयुष्य बेतायचे, हा हिशेब शेतकऱ्याच्या किंवा शिक्षकाच्या घरात पटत नाही. त्यात पालकांची चूक नाही.

या ठिकाणी तमिळनाडूचे उदाहरण बोलके आहे. तेथे सार्वजनिक आरोग्याचे स्वतंत्र संचालनालय ब्रिटिश काळापासून आहे, १९३९ चा सार्वजनिक आरोग्य कायदा आहे आणि या शास्त्राचे शिक्षण घेतलेल्या अधिकाऱ्यांची स्वतंत्र सेवाश्रेणी आहे. अधिकारी होण्यासाठी ज्या पदवीची गरज असते, त्या पदवीला विद्यार्थी शोधत हिंडावे लागत नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सर्व राज्यांत अशी सेवाश्रेणी निर्माण करण्याची शिफारस केली आणि केंद्र सरकारने एप्रिल २०२२ मध्ये त्याविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. सूचना कागदावरून आस्थापनेत उतरतील, तेव्हाच पदवीचे मोल पालकांना पटेल.

शोध घ्यावा कोठे?

जामखेडची कसोटी लावली तर उमेदवारांचा शोध फार दूर घ्यावा लागत नाही. चौदा तालुक्यांचा, सतरा हजार चौरस किलोमीटरचा हा जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा आहे आणि २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या ४५ लाखांहून अधिक होती. उत्तरेस प्रवरा-मुळेच्या पाण्यावरचा साखरपट्टा, पश्चिमेस अकोल्याचा आदिवासी डोंगरी भाग, दक्षिणेस कायम टंचाईशी झुंजणारे तालुके असा हा प्रदेश म्हणजे सार्वजनिक आरोग्याचे खुले पाठ्यपुस्तकच आहे. ते रोज वाचणारी माणसेही येथेच आहेत.

त्यांत पहिला मान उपकेंद्रांवरील समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांचा. आयुर्वेदाचे वा परिचर्येचे पदवीधर असलेले हे तरुण २०१८ नंतर आयुष्मान भारत योजनेतून गावपातळीवर नेमले गेले. रक्तदाब-मधुमेहाच्या नोंदी, गरोदर मातांच्या भेटी, पाण्याचे नमुने हे सारे त्यांच्या हातून जाते. त्या नोंदींतून अर्थ काढण्याचे शास्त्र मात्र त्यांना कोणी शिकवलेले नसते. दुसरा गट समाजकार्याच्या पदवीधरांचा. डॉ. भा. पां. हिवाळे यांनी १९४७ मध्ये स्थापन केलेल्या अहमदनगर महाविद्यालयाच्या परिवारात ग्रामीण विकास अभ्यास केंद्राने समाजकार्याच्या शिक्षणाची परंपरा उभी केली आहे. गावात जाऊन माणसांशी बोलण्याची सवय हे या पदवीधरांचे भांडवल. तिसरा गट संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा आणि चौथा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातून बाहेर पडणाऱ्यांचा. कीटकनाशकांची विषबाधा आणि कुपोषण हे विषय शेती जाणणाऱ्याला अधिक नेमके कळतात. लोणीच्या प्रवरा वैद्यकीय विज्ञान संस्थेसारखी संस्था जिल्ह्यात असल्यामुळे वैद्यकीय विद्यार्थ्यांनाही या प्रश्नांचे क्षेत्र हाताशी आहे. आणि पाचवा गट आहे तो ‘आशा’ आणि अंगणवाडी सेविकांच्या शिकलेल्या मुलामुलींचा. आईच्या नोंदवहीत आकडे भरताना ज्यांनी गावाचे आरोग्य लहानपणीच पाहिले, त्यांच्याइतका तयार विद्यार्थी शोधूनही सापडणार नाही.

निवड आणि जबाबदारी

अशा विद्यार्थ्यांना वर्गापर्यंत आणायचे, तर विद्यापीठांनाही आपल्या पद्धती बदलाव्या लागतील. माहितीपत्रके वाटण्यापेक्षा पदवीच्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्यांना आठवडाभर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जामखेडसारख्या प्रकल्पात नेणे अधिक परिणामकारक ठरेल. काम पाहिल्यावाचून कामाची ओढ लागत नाही. निवड करताना बहुपर्यायी प्रश्नपत्रिकेच्या जोडीला उमेदवाराने गावात काय पाहिले आणि त्यावर कोणता प्रश्न विचारला, याला गुण असावेत. प्रवेशानंतर पहिल्या सत्रात इंग्रजीचा आणि गणिताचा पूरक वर्ग असावा आणि क्षेत्रकार्याचा प्रबंध मराठीत लिहिण्याची मुभा असावी. जिल्हा परिषदांनी आपल्या सेवेतील परिचारिका, आरोग्यसेवक व समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना पगारी रजेवर या शिक्षणासाठी पाठवावे आणि परतल्यावर त्याच जिल्ह्यात ठरावीक वर्षे काम करण्याची अट घालावी. शिक्षणाआधीच परतीची जागा ठरलेली असेल, तर कर्जाचे भय उरत नाही आणि शिकलेला माणूसही जिल्ह्याला मुकत नाही.

विद्यार्थ्यांनीही प्रवेश घेण्यापूर्वी संस्थेला काही प्रश्न रोखठोक विचारले पाहिजेत. क्षेत्रकार्य किती आठवड्यांचे आहे? अध्यापकांपैकी किती जण स्वतः संशोधन करतात? मागील तुकड्यांतील विद्यार्थी आज कोठे, कोणत्या पदावर आहेत? या प्रश्नांची उत्तरे टाळणाऱ्या संस्थेत लाखभर रुपये भरण्यापेक्षा एखाद्या चांगल्या प्रकल्पात वर्षभर काम करणे श्रेयस्कर. त्या एका वर्षात जो प्रश्न हाती लागेल, तोच पुढे शिक्षणाची दिशा ठरवील.

अर्धशतकापूर्वी निरक्षर स्त्रियांना आरोग्याचे शास्त्र शिकवता येते, हे जामखेडने सिद्ध केले. त्या स्त्रियांची निवड त्यांच्या गुणपत्रिकेवर झाली नव्हती. गावाचा त्यांच्यावरील विश्वास आणि त्यांची गावाविषयीची आस्था यांवर झाली होती. आज त्याच गावांतील पुढची पिढी पदवीधर झाली आहे. तिच्यापर्यंत या शास्त्राची वार्ता पोहोचवणे, तिचे शुल्क उचलणे आणि शिकून परतल्यावर तिला मानाची, कायमची जागा देणे ही सरकारची, विद्यापीठांची आणि समाजाची सामायिक जबाबदारी आहे. पुढची साथ कधी येईल हे कोणी सांगू शकत नाही. ती येईल तेव्हा गावातल्या गावात आकडे वाचणारा माणूस असेल की नाही, हे मात्र आजच्या प्रवेशावर ठरणार आहे.